मध्यान्ह कोणाचा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. म्हणून आजची संध्याकाळ एका इंग्रजी शब्दाला द्यावी, असं मी ठरवलं. शब्द अगदी साधा आहे, पाचवीतल्या मुलालाही येणारा: ‘नून’. शब्दकोशात तो एका ओळीत संपतो, दुपारचे बारा. पण या शब्दाचा अर्थ एका जागी कधी टिकला नाही. तो तीन वाजताचा होता, तो बारावर आला, आणि पुढे तर सूर्याला सोडून घड्याळाकडे गेला. दर वेळी तो सरकला तेव्हा त्यामागे कोणाची तरी गरज होती आणि कोणाचा तरी अधिकार होता. दिवसाचा मध्य झाला हे सांगायचं कोणी, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो शेवटी आपल्या मुंबईपर्यंत येऊन भिडतो.

मुळापासून पाहू. लॅटिनमध्ये ‘नोना’ म्हणजे नववी. इथे अभिप्रेत आहे दिवसाची नववी होरा, नववा तास. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग करत. सहावा भाग संपला की सूर्य माथ्यावर यायचा. नववा संपला की आपल्या हिशेबाने दुपारचे तीन. हाच शब्द ख्रिस्ती धर्माबरोबर इंग्लंडमध्ये गेला आणि जुन्या इंग्रजीत ‘नोन’ झाला. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रज शेतकऱ्यासाठी ‘नून’ म्हणजे तीनचा सुमार. माथ्यावरच्या उन्हाला त्याच्याकडे वेगळा शब्द होता, ‘मिडडे’, आणि तो आजही आहे.

हे तास सारख्या लांबीचे नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवं. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमध्ये तो आठ तासांच्या आत येतो. त्याचे बारा भाग केले तर उन्हाळ्यातला एक तास आपल्या ऐंशी मिनिटांहून मोठा आणि हिवाळ्यातला चाळिसाच्याही आत. आपल्याकडचा प्रहरही असाच ऋतूप्रमाणे लांबायचा-आखडायचा. दोन प्रहर संपले की दुपार, हा आपला हिशेब त्याच जातीचा आहे.

आता ही नववी होरा एवढी महत्त्वाची का झाली? कारण ती जेवणाला बांधलेली होती. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली आणि पुढे युरोपभर मठ तिच्यावर चालले. दिवसभरातल्या ठरावीक प्रार्थनांपैकी एक नवव्या तासाची. सप्टेंबरच्या मध्यापासून ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळापर्यंत भिक्षूंनी जेवायचं ते नवव्या तासालाच. उन्हाळ्यातही बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे. मात्र शेतात काम असेल किंवा ऊन फार असेल, तर सूट. तीन वाजेपर्यंत अन्नाचा कण नाही आणि पहाटेपासून प्रार्थना व अंगमेहनत चालू, असा तो दिवस होता.

यावरून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. भुकेल्या भिक्षूंनी प्रार्थनेची घंटा हळूहळू अलीकडे ओढली आणि तीनचा ‘नून’ बारावर आला, ही ती गोष्ट. ऐकायला गोड आहे, पण मला ती अपुरी वाटते, आणि त्या भिक्षूंवर थोडी अन्याय करणारीही. बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतच उन्हाळ्यासाठी सांगून ठेवलं आहे की नवव्या तासाची प्रार्थना जरा लवकर, आठव्या तासाच्या मध्यावर म्हणावी. म्हणजे पहिली सरकवणूक चोरून झाली नाही, नियमकर्त्यानेच केली. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्ते आपल्या ‘कॉन्व्हिव्हिओ’ या ग्रंथात लिहितो की नोनाची घंटा सातव्या तासाच्या सुरुवातीला व्हायला हवी. सातव्या तासाची सुरुवात म्हणजे बरोबर मध्यान्ह. त्या काळी हा बदल असा उघडपणे मांडला जात होता.

फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी या बदलाकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. चौदाव्या शतकातली युरोपातली शहरं वाढत होती, कापडाचे धंदे वाढत होते, रोजंदारीवर माणसं कामाला होती. त्यांच्या दिवसाला मधली सुट्टी हवी होती, आणि दिवसाचे दोन सारखे तुकडे पाडायचे तर घंटा दिवसाच्या बरोबर मध्यावर हवी. तीन वाजताची घंटा मठाच्या सोयीची, बाराची घंटा कामाच्या जागेच्या सोयीची. मला हे स्पष्टीकरण जास्त पटतं, कारण त्याचे अवशेष खुद्द इंग्रजीत सापडतात. ‘नंचन’ नावाचा एक जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नूनच्या वेळचं पेय, म्हणजे कष्टकऱ्याने काम थांबवून घेतलेला घोट. आजच्या ‘लंचन’ला आकार देण्यात या शब्दाचा वाटा असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. ‘आफ्टरनून’ हा शब्दही याच सुमाराला रुळतो. चौदाव्या शतकात इंग्रजीतला ‘नून’ माथ्यावरच्या सूर्याशी येऊन थांबला होता. कोणत्याही राजाने फर्मान काढलं नव्हतं, कोणत्याही धर्मपीठाने ठराव केला नव्हता. सतराव्या शतकातले कवी तर मध्यरात्रीलाही ‘रात्रीचा नून’ म्हणू लागले. शब्दातला नऊचा आकडा तोपर्यंत पूर्ण पुसला गेला होता आणि उरला होता फक्त माथा, शिखर.

इथून मी तुम्हाला समुद्रावर नेतो. ‘नून’ला खरी प्रतिष्ठा मिळाली ती जहाजावर.

ब्रिटिश आरमारात १८०५ पर्यंत जहाजाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नसे, तो दुपारी बाराला सुरू होई. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस तर १ जानेवारी १९२५ पर्यंत दुपारीच सुरू होत होता, म्हणजे रात्रभराच्या निरीक्षणांची तारीख मधेच बदलायला नको. जहाजावर बाराच्या आधीपासून अधिकारी सेक्स्टंट घेऊन डेकवर उभे राहत. सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजत राहायची. ती वाढते, वाढते, मग क्षणभर वाढायची थांबते. तो मध्यान्ह. अधिकाऱ्याने कप्तानाकडे जाऊन सांगायचं की बारा झाले. कप्तानाने म्हणायचं, होऊ द्या. मग आठ टोल पडत, वाळूचं घड्याळ उलटलं जाई आणि जहाजाच्या नोंदवहीत नवी तारीख लागे. मेल्व्हिलच्या ‘व्हाइट-जॅकेट’ या १८५० च्या कादंबरीत या रिवाजाचं वर्णन आहे. कप्तानाच्या होकाराशिवाय जहाजावर बारा वाजत नसत. पण कप्तान तरी होकार कशाला देत होता? सूर्याने आधीच सांगितलेल्या गोष्टीला.

या रिवाजाइतकीच दुसरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सूर्याची ती सर्वोच्च उंची मिळाली की अक्षांश काढता येत असे. आणि रेखांश? त्यासाठी जहाजावर क्रोनोमीटर असे, ग्रिनिचची वेळ दाखवणारं अचूक घड्याळ. सूर्य सांगतो की इथे वेळ काय, घड्याळ सांगतं की ग्रिनिचला किती वाजले. दोन्हींमधला फरक म्हणजे आपण जगात कुठे आहोत याचं उत्तर. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून चार मिनिटांच्या फरकाला एक अंश. खलाशाला दोन वेळा एकत्र बाळगण्याची अडचण वाटत नव्हती. त्या दोन वेळांतल्या अंतरावर त्याचा जीव अवलंबून होता.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो. सूर्याचा मध्यान्ह दर चोवीस तासांनी नेमका येत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सरासरी घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. घड्याळं चांगली झाली तसा युरोपातल्या शहरांनी या चढउताराची सरासरी काढलेला ‘मीन नून’ स्वीकारला. सूर्यापासूनचं हे पहिलं अंतर होतं. लहान होतं, आणि गाव अजून आपल्याच आकाशाशी बांधलेलं होतं.

मग रेल्वे आली.

ब्रिस्टल हे लंडनच्या पश्चिमेला आहे आणि तिथे सूर्य लंडननंतर सुमारे दहा मिनिटांनी माथ्यावर येतो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या माणसाने आपल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर स्थानक गाठावं, तर गाडी गेलेली. तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, त्याला दोन मिनिटकाटे आहेत. एक ब्रिस्टलचा, एक लंडनचा. मला ते घड्याळ अत्यंत प्रामाणिक वाटतं. त्याने दोन्ही सत्यं लोकांसमोर ठेवली.

कायद्यानेही आधी गावाचीच बाजू घेतली. १८५८ मध्ये ‘कर्टिस विरुद्ध मार्च’ हा खटला गाजला. डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने सुनावणी दहाला ठेवली होती. न्यायाधीश ग्रिनिच वेळेच्या दहाला बसले, प्रतिवादी हजर नव्हता, निकाल त्याच्याविरुद्ध गेला. तो आला तेव्हा गावच्या घड्याळात दहा उलटले नव्हते. वरच्या न्यायालयाने फेरसुनावणी दिली आणि सांगितलं की कायद्यात दहा म्हणजे त्या ठिकाणचे दहा. हा निकाल बावीस वर्षं टिकला. १८८० मध्ये संसदेने कायदा करून संपूर्ण ग्रेट ब्रिटनसाठी ग्रिनिच वेळ आणि आयर्लंडसाठी डब्लिनची वेळ ठरवली. डब्लिन ग्रिनिचच्या पंचवीस मिनिटं मागे होतं आणि १९१६ पर्यंत तसंच राहिलं. पंचवीस मिनिटं लक्षात ठेवा, त्यावर पुन्हा येतो.

अमेरिकेत सरकार मधे पडलंच नाही. १८ नोव्हेंबर १८८३, रविवार. त्या दिवशी रेल्वे कंपन्यांनी देशाचे वेळेचे पट्टे पाडले. आपापल्या पट्ट्याच्या मध्यरेषेच्या पूर्वेला असलेल्या शहरांत घड्याळं मागे घ्यावी लागली. तिथे आधी गावचे बारा वाजले आणि काही मिनिटांनी पुन्हा नवे बारा वाजले. ‘दोन नूनचा दिवस’ असं नाव त्याला पडलं. कायद्याची मोहर १९१८ मध्ये उमटली, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षं एक खंडभर मध्यान्ह ठरत होता तो खासगी कंपन्यांच्या वेळापत्रकावरून. १९५२ च्या ‘हाय नून’ या चित्रपटात गॅरी कूपरचा मार्शल ज्या बाराची वाट पाहतो, ते बाराही रेल्वेचेच आहेत. खुनी येणार आहे तो बाराच्या गाडीने, आणि दिग्दर्शक फ्रेड झिनेमन आपल्याला पुन्हा पुन्हा भिंतीवरची घड्याळं दाखवत राहतात.

शब्दाची आणखी एक खूण ‘एएम’ आणि ‘पीएम’मध्ये आहे. यातला एम म्हणजे ‘मेरिडिएम’, मध्यान्ह. मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. मग खुद्द मध्यान्ह कुठला? तर्काने कुठलाच नाही. अमेरिकन सरकारच्या मुद्रण विभागाची शैलीपुस्तिका विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ‘१२ पीएम’ मध्यरात्रीला म्हणत होती. नंतरच्या आवृत्तीत तिने ते उलटं केलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सल्ला साधा आहे: बारा लिहायचे असतील तर पुढे ‘नून’ किंवा ‘मिडनाइट’ लिहा. आपल्याकडे परीक्षांचे अर्ज, निविदा आणि न्यायालयीन नोटिसा अजूनही ‘१२ पीएम’वर मुदत संपवतात. ‘दुपारी बारा’ किंवा ‘रात्री बारा’ असे दोन शब्द लिहिले तर एखाद्याचा अर्ज वाचेल.

आता मुंबई.

मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती. मद्रासची पाच तास एकवीस मिनिटं. देशभरच्या रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी, म्हणजे ज्यांचं नाव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला आहे त्यांनी, मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही मद्रास वेळ लावायचा हुकूम काढला. शहराचे घड्याळ एकाएकी तीस मिनिटं पुढे. इतका विरोध झाला की दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरी लढाई मोठी होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आणि मुंबईच्या एकोणचाळीस मिनिटं पुढे. तो काळ कोणता, ते पाहा. दहाच वर्षांपूर्वी प्लेग आला होता आणि त्या निमित्ताने सरकार लोकांच्या घरात शिरलं होतं. बंगालची फाळणी अंमलात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. अशा वेळी तेच सरकार म्हणतं की उद्यापासून तुमचे बारा आम्ही ठरवू. गिरण्यांमध्ये कामगारांनी निषेध केला, कारण भोंगा आता अंधारात वाजणार होता. फिरोजशहा मेहतांचा आक्षेप असा होता की सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे प्रमाणवेळेवर गेल्या. मुंबई महापालिका गेली नाही. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं ती ‘मुंबई टाइम’वरच चालली. जवळजवळ अर्धं शतक या शहरात माणसं एकमेकांना विचारत होती, वेळ कुठली, मुंबई की स्टँडर्ड?

या प्रकरणाला हट्ट म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. एवढ्या मोठ्या देशाला एक प्रमाणवेळ हवी, हे मला मान्य आहे. तिच्याशिवाय गाड्या, तारा, बँका चालल्या नसत्या. पण एक वेळ स्वीकारणं आणि दुसरी चुकीची होती असं म्हणणं यात फार अंतर आहे. मुंबईचे बारा चुकीचे नव्हते. ते मुंबईच्या आकाशात घडत होते आणि आजही घडतात. खलाशाला जे ठाऊक होतं तेच मुंबईकर सांगत होता, की दोन वेळांमधला फरक हा माझा पत्ता आहे.

महाराष्ट्राच्या आतच हा पत्ता किती बदलतो पाहा. प्रमाणवेळेची रेखा साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची, प्रयागराजजवळून जाणारी. नागपूरला सरासरी मध्यान्ह बारा वाजून चौदा मिनिटांच्या सुमाराला होतो, पुण्यात साडेबारानंतर चार-पाच मिनिटांनी, मुंबईत बारा एकोणचाळीसला. मुंबई आणि नागपूर यांच्यात पंचवीस मिनिटं. लंडन आणि डब्लिन यांच्यात होतं तेवढंच अंतर, ज्यासाठी ब्रिटिश संसदेने कायद्यात दोन वेळा लिहिल्या होत्या. ईशान्येकडच्या चहामळ्यांनी तर ‘बागान टाइम’ म्हणून घड्याळ एक तास पुढे ठेवलं, कारण तिथे साडेपाच वाजण्याच्या आत हिवाळ्याची रात्र पडते.

रामनवमीला आपल्या बहुतेक देवळांत रामजन्म होतो तो घड्याळाच्या बाराला. परंपरा सांगते की जन्म मध्यान्हीचा. नाशिकला त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो साधारण साडेबारा उलटल्यावर. म्हणजे पाळणा हलतो तो प्रयागराजच्या आसपासच्या मध्यान्हाला, गोदावरीकाठच्या नव्हे. श्रद्धेत यामुळे काही उणं होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्या पंचांगात मध्यान्हकाळ मिनिटांनिशी छापलेला असतो, त्यांनी तो पाहावा असं जरूर म्हणेन. मशिदीत हे पाळलं जातं: सूर्य माथ्यावरून ढळल्यावरच जुहरची वेळ सुरू होते आणि ती वर्षभर रोज थोडी बदलते.

आणि मुंबईच्या पारशी समाजाने तर जुने बारा जपूनच ठेवले आहेत. त्यांच्या दिवसाचे पाच ‘गाह’ असतात. सकाळचा हावन गाह मुंबईत संपतो तो बारा एकोणचाळीसला. तिथून सुरू होतो रपिथवन, मध्यान्हाचा गाह, आणि तो तीन एकोणचाळीसपर्यंत चालतो. ही एकोणचाळीस मिनिटं म्हणजे १९०६ चा फरक. सरकारी घड्याळ बदललं, महापालिकाही शेवटी बदलली, प्रार्थनेची वेळ सूर्यापाशीच राहिली. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला बेनेडिक्टचा मठ आठवला. मध्यान्हापासून तीनपर्यंतचा तोच पट्टा, ज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ‘नून’ हा शब्द सरकला, तो इथे अखंड एका नावाखाली उभा आहे.

शिक्षक मंडळी आज मोठ्या संख्येने आली आहेत, म्हणून एक विनंती करतो. शाळेच्या सपाट अंगणात एक सरळ काठी उभी रोवा. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथून आत शिरेल तिथे खूण करा, दुपारनंतर जिथून बाहेर पडेल तिथे दुसरी. दोन खुणांमधला मध्य काठीच्या बुंध्याशी जोडला की दक्षिणोत्तर रेषा मिळते. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली ही शंकूची रीत आहे. सावली त्या रेषेवर आली की तुमच्या शाळेचा मध्यान्ह. मुलांना तो क्षण घड्याळात पाहून वहीत लिहू द्या, वर्षभर. मुंबईत नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीस येतील, फेब्रुवारीच्या मध्याला बारा त्रेपन्न. मे महिन्याच्या मध्याला एक दिवस असा येईल की सूर्य बरोबर डोक्यावर असल्याने काठीची सावली दिसणारच नाही. मुंबईत ते घडतं बारा पस्तीसच्या सुमाराला. शाळेला तेव्हा सुट्टी असते, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा. जुलैच्या अखेरीला सूर्य पुन्हा तिथेच येतो, पण त्या दिवसांत पावसाच्या ढगांमुळे तो दिसेलच याची खात्री नसते.